काळा कॅमेरा सोडून

आजरा,
१२ ऑक्टोबर २०२२

प्रिय शिवा,

टपालानं पत्र आलेलं बघून तुला वाटेल, कृष्णात गेला आणि घरच्यांनी कार्ड धाडलं. अजून तसं काही नाही. फोनवर मला आता कुणाचं काही ऐकू येत नाही. चाळीस वर्षं वराती आणि बेंजोच्या गाडीपुढं उभं राहून फोटो काढले, त्याचं हे बक्षीस. मोबाइलवर लिहावं तर तो सुनेचा, आणि त्यावर आलेलं आधी सगळं घर वाचतं, मग मला दाखवतं. तेव्हा आपलं टपालच बरं.

मुद्द्यावर येतो. यंदा हंपीला जायचं. आण्णांच्या स्टुडिओत आपण दोघं शिकाऊ होतो तेव्हा भिंतीवर हंपीच्या दगडी रथाचं कॅलेंडर होतं, आठवतंय? त्याखाली झोपायचो आपण. तेव्हा ठरलं होतं की स्वतःचे कॅमेरे झाले की जायचं. कॅमेरे झाले, स्टुडिओ झाले, तुझा कुरुंदवाडात, माझा आजऱ्यात. हंपी राहिलं. आपण जन्मभर दुसऱ्यांची लग्नं, बारशी आणि मयतं काढली. आपल्याला बघावासा वाटला म्हणून एक तरी फोटो काढलाय का? फेब्रुवारीत जाऊ. मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेसनं होस्पेटला उतरायचं, चार दिवस राहायचं आणि कुणालाही 'हसा जरा' म्हणायचं नाही.

आता कॅमेरे. ते सगळे तुझ्याकडं. स्टुडिओ बंद केला तेव्हा आजऱ्याच्या पावसात लेन्सला बुरशी धरते म्हणून माझे तिन्ही तुझ्या कपाटात ठेवले, ते किती शहाणपणाचं झालं बघ. यादी अशी: माझी याशिका, ती तर हवीच. तुझा निकॉन. माझा झेनिट, दगडाला तो चांगला. गाडीत काढायला हॉटशॉट. आणि कॅमेरा उभा करायचं तिकाटणं. काळा कॅमेरा सोडून सगळे घे. तो तू विसरून आणशील असं नाही, पण मी एकदा विसरलो होतो म्हणून लिहितो. खंडेनवमीला पूजेत मांडला नाहीस ना त्याला?

शांतावहिनींना नमस्कार. शालू म्हणते, दोन म्हातारी पोरं कुठं निघाली.

तुझा,
कृष्णात

---

कुरुंदवाड,
१९ ऑक्टोबर २०२२
(हे पत्र टपालात पडलं नाही.)

प्रिय कृष्णात,

कॅमेरे नाहीत. तुझे नाहीत, माझेही नाहीत. २०१९ च्या महापुरात गेले.

दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची तांबडी रेघ होती, मीच मारलेली. कपाट त्या रेघेच्या वर दोन हात ठोकून घेतलं होतं. ऑगस्टात पाणी चढलं तेव्हा होडीवाला म्हणाला, "पावणं, सामान न्हाय, माणसंच चढा." मी कपाटाला कुलूप लावलं आणि शांताला म्हटलं, "पाचच्या रेघंवर पाणी जात न्हाय." गावात सगळे तेच म्हणत होते. पाणी रेघेच्या वर चार हात गेलं आणि आठ दिवस तिथंच राहिलं.

तुझा फोन आला तेव्हा मी शाळेतल्या छावणीत होतो. तुला तेव्हा थोडं ऐकू यायचं. तू आधी माणसांचं विचारलंस, आणि मग हळूच, "आणि माझी याशिका?" मी म्हटलं, "सुखरूप हाय." त्या घडीला मला तसंच वाटत होतं. नंतर कपाट उघडलं तर तिच्या पोटातून गाळ आला. तांदळात ठेवली, उन्हात ठेवली, मिरजेच्या मेकॅनिककडं नेली. त्यानं हात जोडले. तुला सांगायला माझं तोंड झालं नाही. मग करोना आला, तुझी छाती बिघडली, भेट राहिली, आणि खोटं आपलं तसंच राहिलं.

वाचला एकच, काळा. नुसत्या मयतांचे फोटो काढायचा कॅमेरा घरात नको न दुकानात नको, म्हणून परड्यात उंचवट्यावरच्या खोपीत आढ्याला टांगलेला. पाणी त्याच्या वीतभर खाली थांबलं. देवाला विचारावं वाटतं, तू नेमकं काय बघून ठेवलंस.

---

कुरुंदवाड,
२० ऑक्टोबर २०२२

प्रिय कृष्णात,

यादी वाचली. तू हंपीला निघालायस की कुणाच्या लग्नाची ऑर्डर घेतलीस? झेनिट नको, ती वीट आहे. दोन टेकड्या चढलास की तूच म्हणशील, शिवा, धर जरा. निकॉनचा मीटर आताशा खरं सांगत नाही. हॉटशॉट म्हणजे पोरांचा खेळ, त्यानं रथाचा फोटो काढला तर आण्णा वरून चप्पल फेकतील. राहिली याशिका. तिला रोल कुठं मिळतो आता? आणि मिळाला तर धुणार कोण?

माझं ऐकशील तर कॅमेरा नकोच. नुसते डोळ्यांनी बघून येऊ. आपण रथ कधी कॅमेऱ्याच्या काचेशिवाय बघितला असता का, सांग.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, जानेवारीत काढतो म्हणालेत. बाकी तब्येत ठणठणीत. शांता भाकरी थापताना कानडीत मला बोल लावते, त्यावरून समज. तुझ्या छातीचं तू काहीच लिहिलं नाहीस. शालूवहिनींना आमचा 'शरणु शरणार्थी' नमस्कार.

तुझा,
शिवानंद

---

आजरा,
३ नोव्हेंबर २०२२

प्रिय शिवा,

नुसतं डोळ्यांनी बघायचं तर कॅलेंडर होतं की. सुताराला करवतीशिवाय रानात पाठवण्यातला प्रकार तुझा.

पण झेनिटचं पटलं, तो राहू दे. निकॉनही राहू दे, हॉटशॉटही. तिकाटणं आता मलाच उचलणार नाही. छातीचं विचारलंस म्हणून लिहितो. फुप्फुसं वाळत चाललीत म्हणे. घरात हवेचं मशीन आणलंय, ते फ्रिजसारखं घुमतं असं शालू सांगते. मला ऐकू येत नाही हे एक बरं आहे. नळी नाकात असली की ठीक, काढली की परसाकडंला जाऊन येईपर्यंत दम लागतो. डॉक्टरांनी घर सोडायचं नाही म्हणून सांगितलंय. हंपीचं मी त्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मग तुला लिहायचं काय?

तेव्हा यादीत एकच राहिली. याशिका घे, बाकी काही नको. आण्णांनी जाताना ती माझ्या हातात दिली आणि तुला काळा दिला. तेव्हा तुला वाईट वाटलं होतं, मला कळलं होतं. पण ते म्हणाले, शिवाचा हात मयतापुढं हलत न्हाय. खरं होतं ते. माझ्यामागं याशिका पूर्णिमाची, हे तुला आताच सांगून ठेवतो. नात आहे म्हणून नाही, तिला उजेड कळतो. पुण्यात फोटोग्राफीच शिकते. तिनंच दोन रोल मागवून दिलेत. त्यातला एक या पाकिटात घालतो. याशिकात भर, दुकानाच्या दारात उभा राहा आणि वहिनींना बटण दाबायला सांग. कोल्हापुरात एक लॅब अजून रोल धुते, पूर्णिमानं पत्ता दिलाय, मागे लिहिलाय. प्रिंट मला धाड. शटर अडकत नाही ना ते बघायचंय, आणि तुलाही. तीन वर्षं झाली बघून.

तुझा,
कृष्णात

---

कुरुंदवाड,
२८ नोव्हेंबर २०२२

प्रिय कृष्णात,

सांगितल्याप्रमाणे केलं. प्रिंट सोबत आहे. शटर लोण्यासारखं चालतं. शांताचा हात हलल्यामुळं मी जरा तिरका आलोय, का मीच तिरका झालोय ते तू ठरव.

हंपीचं एवढ्यात नको. थंडी जाऊ दे, तुझा दम सुधारू दे, मग बघू. याशिका कुठं पळून जात नाही. तू मशीन सोडून हिंडू नकोस.

तुझा,
शिवानंद

---

आजरा,
८ डिसेंबर २०२२

प्रिय शिवा,

प्रिंट मिळाली. तीन दिवस उशाशी आहे.

उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात नखाएवढी काळी खोच आहे. तुला मोतीबिंदूनं दिसली नसेल, नाहीतर तू कात्रीनं काढली असतीस. काळा कॅमेरा आण्णांच्या हातून पंचगंगेच्या घाटावर पडला तेव्हा आत टवका उडाला, आणि तेव्हापासून त्यानं काढलेल्या प्रत्येक मयताच्या कोपऱ्यात ती खोच येते. शेकड्यानं बघितल्यात मी. हा फोटो याशिकाचा नाही, शिवा. तू त्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिलास.

का, ते मी विचारत नाही. मला कळलंय. तू कधी तोंडानं सांगणारा नव्हेसच. डॉक्टरांनी तुला काहीतरी सांगितलंय, आणि मी काळजी करीन म्हणून 'ठणठणीत' लिहून, आपला शेवटचा फोटो आपणच काढून मला धाडलास. म्हणूनच हंपी नको, कॅमेरे नकोत. मी मूर्ख, यादीवरून तुझ्याशी वाद घालत बसलो.

हुपरीचा तो नवरदेव तुला आठवतो. गडबडीत मी पिशवीतून याशिकाऐवजी काळा काढला, दोन्ही दिसायला सारखे. त्याचा हार घातलेला फोटो निघाला आणि विसाव्या दिवशी पोरगा विहिरीत गेला. आण्णा मला बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, "ध्यानात आल्याबरोबर परत जाऊन जित्या कॅमेऱ्यानं काडायचा हुतास. तेवढ्यानं फिटतंय." मला त्याच दिवशी ध्यानात आलं होतं, शिवा. मार खायच्या भीतीनं गेलो नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, शालूलाही नाही. लोक याला खुळचटपणा म्हणतील. म्हणू देत.

या वेळी मी येतो. सोमवारी, बारा तारखेला, सकाळच्या गाडीनं. शालू त्या वेळी दूध घालायला जाते. निपाणीला गाडी बदलीन, दुपारपर्यंत तुझ्या दारात. नळीशिवाय सहा तास निघतात का बघू, बसून राहायचं तर आहे. दुसरा रोल घेऊन येतो. तू फक्त याशिका पुसून ठेव. तुझा नीट फोटो काढतो, जित्या कॅमेऱ्यानं, मग बसू दुकानात. हंपी नसलं तरी चालेल.

तुझा,
कृष्णात

---

आजरा,
२ जानेवारी २०२३

ती. शिवानंदआजोबा यांना
शि. सा. नमस्कार.

आजोबांचे दिवसकार्य झाल्यावर मी पुण्याला जाणार होते, पण आजीसाठी अजून थांबले आहे. हे पत्र तिच्या सांगण्यावरून लिहिते. तिला तुमच्याशी फोनवर बोलायचे होते, पण फोन लावला की तिला रडू येते.

तुम्ही त्या दिवशी संध्याकाळच्या आत आलात म्हणून आजोबांचा फोटो निघाला. निपाणी स्टँडवर ज्यांनी त्यांना बाकावर आडवे केले त्यांच्याकडून मला एवढेच कळले की ते गाडीतून उतरले, दहा पावले चालले आणि बसले. खिशात तुमच्या पत्त्याची आणि नंबरची चिठ्ठी होती म्हणून त्यांनी तुम्हाला फोन केला. पिशवीत पाण्याची बाटली, एक रोल आणि तुमचा फोटो होता. दुसरे काही नव्हते.

आजीला एकच गोष्ट समजत नाही. ते घर सोडून का गेले? तुम्ही बोलावले होते का? ती म्हणते, "मी दूध घालाय गेल्ते, तेवढ्यात नळी काढून गेलं. मला सांगितलं असतं तर मी काय अडिवलं असतं?" अडवले असते, हे तिलाही माहीत आहे. ती रोज सकाळी त्या वेळेला दारात उभी राहते. तुम्ही तेव्हा म्हणालात की तुम्हालाही माहीत नाही. आता काही कळले असेल तर कृपा करून सांगा.

तिला एका गोष्टीचे समाधान आहे. तुमच्या हातात याशिका बघून ती म्हणाली होती, "त्येंच्या कॅमेऱ्यानंच त्येंचा फोटो निघाला, बरं झालं." हे ती आल्यागेल्याला सांगते. आजोबांनी याशिका मला द्यायची असे सांगून ठेवले होते. तुम्हाला तिचा आणखी उपयोग नसेल तर मी येऊन घेऊन जाईन. घाई नाही. आणि फोटोची प्रिंट झाली असेल तर आजीला फ्रेम करून भिंतीवर लावायची आहे.

आपली,
पूर्णिमा

---

कुरुंदवाड,
९ जानेवारी २०२३

चि. पूर्णिमा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबाला मी बोलावलं नव्हतं, पण तो माझ्यामुळंच गेला. हे वाक्य आधी लिहितो, नाहीतर पुढच्या ओळीत मी वळण घेईन, मला सवय आहे.

तू याशिका घ्यायला ये, किंवा मी धाडतो, पण तिच्यातून फोटो निघणार नाही. २०१९ च्या पुरात ती गेली. त्याच्या विश्वासानं दिलेले सगळे कॅमेरे गेले, आणि मी त्याला साडेतीन वर्षं सुखरूप आहेत म्हणून सांगत राहिलो. हंपीच्या नावानं त्यानं लिहिलेली पत्रं मी यात घालतो, माझी तिकडं त्याच्या सामानात असतील. यात एक मी लिहून टपालात न टाकलेलंही आहे. ते टाकलं असतं तर तो मला दोन शिव्या देऊन घरात बसला असता. त्याचं शेवटचं पत्र तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या दारात पडलं. तेव्हा मी आजऱ्यात होतो, तुमच्या अंगणात. परत आल्यावर वाचलं. म्हणून तुझ्या आजीनं त्या दिवशी विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं, हे खरं होतं. पण त्यानंतर तीन आठवडे मी तुम्हाला कळवलं नाही, आणि तू विचारलं नसतंस तर कदाचित कळवलंही नसतं.

त्याचं ते शेवटचं पत्र वाच. मला मरणाची चाहूल लागली आहे असं त्याला वाटलं. मला काही झालेलं नव्हतं. मी फक्त त्याच्यापुढं उघडा पडायला भीत होतो, म्हणून त्यानं मागितलेला फोटो त्या काळ्या कॅमेऱ्यानं काढून याशिकाचा म्हणून पाठवला. शांतानं बटण दाबताना डोळे मिटले होते आणि त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिला मी म्हटलं, "असलं काय नसतंय." आण्णा म्हणायचे, जिता माणूस त्या कॅमेऱ्यात घेतला की कॅमेरा त्याला घेऊन जातो. मी अजून जिता आहे. डोळ्यातला मोतीबिंदूही परवा काढून झाला, आता सगळं स्वच्छ दिसतं. माझ्या वाटचं मरण कृष्णात घेऊन गेला, आणि तेही मला सोडवायला येताना. मी रोज सकाळी उठतो आणि मला आता काय करायचं ते कळत नाही.

आता सगळ्यात अवघड. त्या दिवशी माझ्या हातात तुझ्या आजीनं जी बघितली ती याशिका नव्हती. मयताचा निरोप आला की माझा हात आढ्याच्या काळ्याकडं जातो, चाळीस वर्षं जातोय, आणि दुसरा कॅमेरा घरात नव्हताच. दोन्ही सारखे दिसतात. शालूवहिनी "बरं झालं" म्हणाल्या तेव्हा मी मान हलवली. माझा हात मयतापुढं हलत नाही असं आण्णा म्हणायचे. त्या दिवशी हलला. लॅबमधून माझी प्रिंट आणताना घेतलेला रोल आत होता, त्याच्या बारा फोटोंतले तीनच धड आलेत.

याशिका पार्सलनं धाडतो. तिच्यात अजून गाळ आहे, हलवली तर ऐकू येईल. त्याच्या पिशवीतला रोल तुझ्याजवळच असू दे. तो माझ्या फोटोसाठी आणला होता, त्यावर दुसरं काय काढायचं ते तू ठरव, मला सांगू नकोस.

प्रिंट यातच आहे. कोपऱ्यात खोच आहे. फ्रेमवाला पुठ्ठ्याखाली सहज झाकतो, आजवर सगळ्यांची झाकली. ही मी झाकलेली नाही. आजीला दाखव आणि ती कशाची आहे ते सांग.

शिवानंद